फ्लाय बांधताना त्यात आपलं काय असतं?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका मुलीने विचारलंय, ते आधी तिच्याच शब्दांत थोडक्यात देतो. "काका, दोन वर्षं झाली मी फ्लाय बांधतेय. नमुना समोर ठेवला की हुबेहूब जमतं. पण मी मासे धरत नाही. घरात सगळे माळकरी आहेत आणि मला धरायचेही नाहीत. भाऊ म्हणतो, ही नुसती नक्कल आहे, यात तुझं काय? मला हे काम मनापासून आवडतं, पण त्याला उत्तर देता आलं नाही. स्वतःचं काही यात आणायचं तर सुरुवात कुठून करू?"

पोरी, भावाचा प्रश्न टोचणारा असला तरी खोटा नाही. मलाही तो पडला होता आणि बरेच दिवस मी त्याचं उत्तर भलत्याच ठिकाणी शोधत होतो. म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्याकडे गळाला कणकेचा गोळा लावतात, नाहीतर गांडूळ. फ्लायला असलं कुठलंच खाद्य नसतं. पिसं, धागा, लोकर, केस आणि तार एवढ्यावर गळाच्या दांड्यावर एक किडा किंवा छोटा मासा उभा करायचा. चिकटवायचं जवळजवळ काही नसतं, सगळं धाग्याच्या ताणावर टिकतं. आणि हे सगळं बोटाच्या एका पेरात बसवायचं असतं.

आता तुझी पहिली अडचण, मासे न धरण्याची. ती मनातून काढून टाक. सॅल्मन माशांसाठीच्या फ्लाय बांधण्यात गेल्या शतकात ज्यांचं नाव सगळ्यात आदराने घेतलं जातं त्यांच्यात मेगन बॉइड या बाई आहेत. 1915 चा जन्म. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडे, ब्रोरा गावाजवळ, समुद्रावर तोंड असलेल्या एका छोट्या खोपटात त्या आयुष्यभर बांधत राहिल्या. तिथे बराच काळ वीजही नव्हती, खिडकीच्या उजेडात काम चालायचं. गिऱ्हाइकांत तेव्हाचे राजपुत्र चार्ल्ससुद्धा होते. 1971 मध्ये सरकारने पदक जाहीर केलं तेव्हा कुत्र्याला सांभाळायला कोणी नाही म्हणून त्या राजवाड्यात गेल्या नाहीत. या बाईंनी स्वतः एकही सॅल्मन धरला नाही. त्यांचं शिक्षण कसं झालं ते तुझ्या कामाचं आहे. लहानपणी गावच्या एका रखवालदाराने त्यांना तयार फ्लाय दिल्या आणि सांगितलं, उसवा आणि त्याच सामानातून लहान गळावर पुन्हा बांधा. म्हणजे सुरुवात नकलेचीच होती, तीही लहान मापात. तेव्हा भावाला सांग की नक्कल ही पायरी आहे आणि तिची लाज बाळगायचं कारण नाही. प्रश्न एवढाच की पायरीवरच बसून राहायचं का.

मी कुठे चुकलो ते सांगतो. सातपूरला टूलरूममध्ये माझी तीस वर्षं गेली. मायक्रोमीटरशी खेळून हात बसलेला होता, त्यामुळे फ्लाय बांधणं मला पटकन जमलं. मग वाटायला लागलं की आता काहीतरी आपलं हवं. आपलं म्हणजे वेगळं, एवढंच मला कळत होतं. एका पावसाळ्यात मी एक भलीमोठी फ्लाय बांधली. तीन रंगांची पिसं, दोन प्रकारची चमकी, मणी, वर लाल लोकरीचा पट्टा. ती घेऊन गंगापूर धरणाच्या फुगवट्याच्या अंगाला गेलो. तिथे एक म्हातारे कोळीदादा जाळं दुरुस्त करत बसले होते, त्यांना कौतुकाने दाखवली. त्यांनी ती हातात उलटसुलट केली, मग वाकून पाण्यात बुडवली, दोन बोटांनी जरा हलवली आणि विचारलं, "हा कोण म्हणायचा?"

मला उत्तर देता आलं नाही. मी काय काय वापरलंय ते सांगता आलं असतं, किती तास लागले ते सांगता आलं असतं. पण तो कोण, कुठे राहतो, पाण्यात काय करत असतो, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. त्या फ्लायमध्ये माझी हौस होती, मी पाहिलेलं काही नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. फ्लायमध्ये बांधणारा दिसतो तो त्याच्या बघण्यातून. त्याने काय पाहिलं, त्यातलं काय ठेवलं आणि काय सोडलं, यात तो सापडतो. सामान किती दुर्मिळ आहे, रंग किती आहेत, याचा त्याच्याशी फार थोडा संबंध.

याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण फ्रँक सॉयर यांचं. इंग्लंडमधल्या एव्हन नदीवर ते नदीचे राखणदार होते. पाणवनस्पती कापणं, काठ राखणं, माशांवर नजर ठेवणं हेच रोजचं काम, त्यामुळे दिवसचे दिवस पाण्याकडे बघण्यात जायचे. मेफ्लाय नावाचे जे नाजूक किडे असतात, त्यांची पिल्लं पाण्याखाली वाढतात. त्या काळी या पिल्लाची फ्लाय बांधताना पाय म्हणून कोंबड्याच्या पिसाचे केस पुढे लावायची पद्धत होती. सॉयर यांनी पाहिलं की पिल्लू पोहायला लागलं की पाय अंगाशी घट्ट ओढून घेतं. मग त्यांनी पाय गाळून टाकले. पुढे धागाही गाळला. तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू, बस. तीच तार बांधायला, तीच वजनाला आणि तिचीच तांबूस झाक अंगाला. आज जगभर ती फ्लाय बांधली जाते. दोन वस्तू आहेत तिच्यात, आणि तरी ती बघितली की नदीकाठी उभा असलेला तो माणूस दिसतो. पाय काढून टाकायची हिंमत त्याला नुसत्या विचाराने आली नसती, त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांचीच दुसरी एक फ्लाय मोजे रफू करायच्या लोकरीची होती. चॅडविक कंपनीची 477 नंबरची लोकर, भिजली की तिचा रंग त्यांना हवा तसा उतरायचा. पुढे ती लोकर निघायची बंद झाली आणि उरलेल्या लोकरीसाठी लोक वाटेल ती किंमत मोजायला लागले. मला यातलं "भिजली की" एवढंच महत्त्वाचं वाटतं. कोरडी लोकर काय दिसते याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

आता माझं एक सांगतो, म्हणजे बघण्यापासून बांधण्यापर्यंत वाट कशी जाते ते तुला कळेल.

ऑक्टोबरमधली सकाळ, त्याच फुगवट्याच्या कडेला. पाऊस संपून पाणी निवळलेलं. काठाला बुडालेल्या गवताच्या काड्या पाण्याबाहेर डोकं काढून उभ्या होत्या. त्यातल्या एका काडीकडे पाण्यातून काहीतरी येताना दिसलं. दोनेक सेंटिमीटर लांब, शेवाळी रंगाचं, काडीसारखं बारीक अंग. ते टाचणीचं पिल्लू होतं. टाचणी म्हणजे चतुराची नाजूक बहीण, बसली की पंख पाठीवर मिटून घेते ती. तिच्या पिल्लाला शेपटीकडे पानांसारखे तीन कल्ले असतात. ते अंग डावी-उजवीकडे वळवत सापासारखं पोहत होतं. तीन-चार वळसे घेतले की थांबायचं. थांबलं की जरासं खाली बुडायचं, पण शेपटीकडचा भाग तेवढ्यातही हलत असायचा. मग पुन्हा वळसे. काडीला पोचल्यावर ते हळूहळू वर चढलं, पाण्याबाहेर वीतभर आलं आणि घट्ट धरून बसलं. बऱ्याच वेळाने पाठ उकलली आणि आतून फिकट, ओलसर, चुरगळलेल्या पंखांची टाचणी बाहेर आली. कात तशीच काडीला चिकटून राहिली. मी ती काडीसकट घरी आणली. अजून आगपेटीत आहे.

हे सगळं फ्लायमध्ये येत नाही. आणायला गेलं तर सगळंच हातचं जातं. त्या संध्याकाळी मी कागदावर दोनच गोष्टी लिहिल्या. एक, वरून बघताना डोकं रुंद आणि अंग एकदम बारीक दिसतं. दुसरी, थांबल्यावरही शेपूट हलत असते. पाय, पंखांच्या कळ्या, कल्ल्यांवरच्या रेषा, सगळं सोडून दिलं.

मग बांधायला बसलो. 12 नंबरचा लांब दांड्याचा गळ. (आकडा जितका मोठा तितका गळ लहान, हे तुला माहीत आहेच.) पहिल्यांदा पकडीने गळाचा उलटा काटा दाबून सपाट केला. हे बांधण्याआधीच करायचं, कारण काटा दाबताना कधी गळ मोडतो आणि मग तासाभराची मेहनत वाया जाते. शेपटीला देशी कोंबडीच्या पिसाच्या बुडाशी जी लव असते ती घेतली. आपण तिला कचरा म्हणून खुडून टाकतो, पण पाण्यात तिच्याइतकं जिवंत काही हलत नाही. रंग डाळिंबाच्या सालीचा. सटाणा-मालेगावकडचं डाळिंब आपल्याकडे वर्षभर घरात असतं. साल वाळवून उकळायची, तुरटी घालायची, त्यात पिसं टाकली की पिवळा रंग चढतो. त्यात गंजक्या खिळ्यांचं पाणी थोडं थोडं घातलं की तोच पिवळा शेवाळीकडे झुकतो. किती घातलं की कुठला शेवाळी येतो याची माझी एक वही आहे, आणि विकतच्या रंगाला जे कधी येत नाही ते या रंगात येतं: प्रत्येक तंतू जरासा वेगळा असतो.

अंगासाठी तीच लव बोटांनी धाग्यावर पिळली, इतकी विरळ की धागा मधूनमधून दिसावा. बहुतेकांचं इथे चुकतं, अंग जाड होतं. मग जळलेल्या पंख्याच्या वाइंडिंगमधली केसासारखी तांब्याची तार उलट्या दिशेने पाच वेढे फिरवली. उलट्या दिशेने फिरवली की ती लवेच्या वेढ्यांत रुतून हरवत नाही आणि अंग दातांपासूनही वाचतं. डोक्याला मोरपिसाच्या दोन तंतूंचे वेढे आडवे-तिडवे घेऊन रुंदी आणली. शेवटची गाठ, वर नखांना लावायच्या पारदर्शक पॉलिशचा एक थेंब. झालं. दहा मिनिटांचं काम. पण आधीची ती सकाळ नसती तर दहा दिवसांतही झालं नसतं.

पुढच्या खेपेला कोळीदादांना दाखवली. त्यांनी बुडवली, हलवली आणि नुसतं "हं, गवतातला" म्हणाले. मला एवढं पुरलं. आजही पुरतं.

सामानाबद्दल थोडं सविस्तर लिहायचंय, कारण तुझ्या पत्रात परदेशी पिसं मिळत नाहीत अशी खंत आहे. नाशिकमध्ये राहून ही खंत करू नये असं मला मनापासून वाटतं. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या मासेमारांबद्दल लिहून ठेवलंय: गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधायची. लोकर आणि कोंबडा. आपल्या कुठल्या आठवडी बाजारात या दोन गोष्टी नाहीत?

आणि आपल्याकडे येवला आहे. जुन्या सॅल्मन फ्लायच्या अंगावर चांदीची किंवा सोन्याची बारीक पट्टी पिळलेली असते. त्यातला गोलसर प्रकार कसा बनतो माहीत आहे? आत धाग्याचा गाभा आणि त्याभोवती चपटी केलेली धातूची पट्टी गुंडाळलेली. म्हणजे जरच की! पैठणीच्या कामात कापून टाकलेले जरीचे आणि रेशमाचे तुकडे एका विणकर मावशींकडून मी पिशवीभर आणले होते. त्या पैसे घेईनात, म्हणून पुढच्या वेळी त्यांच्या नातीसाठी पाकिटात फ्लाय न्यायला निघालो, आणि गळ टोकदार म्हणून शेवटी मणी नेले. त्यांच्या मागासमोर अर्धा तास बसलो होतो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पदरावरचा मोर ठरलेला, मुनिया ठरलेली, आसावलीची वेल ठरलेली. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, ताण्यातून हाताने घालायची, एकेक तार मोजून. तरी मावशी शेजारच्या मागावरचा पदर लांबून बघून सांगत होत्या की ही मुनिया अमक्याने विणलीय, त्याची चोच नेहमी जरा खाली असते. नमुना शेकडो वर्षांचा आणि चोच त्या माणसाची. त्याने ती मुद्दाम खाली ठेवली नसेलही. हजार मुनिया विणल्यावर ती तिथे स्थिरावली. तुझ्या भावाला पैठणीला कोणी नक्कल म्हणतं का ते विचार.

जरीची एक सूचना: आजची बरीचशी जर हलकी असते, काळी पडते. बांधून झाल्यावर तिच्यावर पॉलिशचा पातळ हात फिरव.

पिसांच्या बाबतीत मात्र काही गोष्टी ठाम सांगायच्या आहेत. व्हिक्टोरियन काळात फ्लाय बांधणं हा श्रीमंती दाखवायचा प्रकार झाला. जगभरच्या जंगलांतून बायकांच्या टोप्यांसाठी पिसं येत होती, ती फ्लायवरही चढली. एकेका फ्लायला डझनभर पक्षी लागायचे. आपला रानकोंबडा, करड्या रंगाचा, दख्खनच्या आणि सह्याद्रीच्या जंगलातला, त्याच्या मानेवरची चकचकीत ठिपक्यांची पिसं तिकडे इतकी हवी असायची की कातड्याच्या कातड्या इथून जहाजाने गेल्या. ते वेड अजून संपलेलं नाही. 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून 299 पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. त्यात आल्फ्रेड वॉलेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेले पक्षीही होते. चोर कोण निघाला, तर बासरी शिकणारा विशीतला एक तरुण, फ्लाय बांधण्यात अतिशय निष्णात. कित्येक कातड्यांची शास्त्रीय माहितीची चिठ्ठी कायमची गेली. एवढा चांगला हात असलेल्या मुलाला असं का वाटलं असावं की अस्सल पिसाशिवाय फ्लाय पुरी होत नाही? मी या गोष्टीवर खूप विचार केलाय आणि मला वाटतं, त्याच्यासाठी जुन्या पुस्तकातली यादी हीच फ्लाय झाली होती.

मलाही एका विक्रेत्याने एकदा दुकानाच्या मागच्या खोलीत नेऊन रानकोंबड्याच्या मानेचं कातडं पुढे केलं होतं. हातात घेतलं हे कबूल करतो. ते सुंदर होतं. परत दिलं आणि त्या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नाही. आपल्याकडे 1972 पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. रानपक्ष्यांची पिसं, हरणाचे केस यांच्या वाटेला जायचं नाही, कोणी "जुना साठा आहे" म्हणून दिलं तरी नाही. मोराचं आपोआप गळलेलं पीस देशात विकत घेता येतं, पण परदेशी पाठवता येत नाही. तिकडच्या मैत्रिणीला भेट म्हणून फ्लाय धाडशील तर मोरपीस त्यात नको. बाकी सगळं कोंबडी, टर्की, बदक, शेळी आणि मेंढी यांच्यात भागतं. खरं सांगायचं तर भागवता भागवताच हात तयार होतो. हरणाच्या केसाच्या जागी बोकडाच्या शेपटीचे केस घेतले की ते तसे फुलत नाहीत, मग मापं बदलावी लागतात, मग आकार बदलतो, आणि बघता बघता फ्लाय इथली होते.

पिसं आणल्यावर रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळव, मग पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेव, म्हणजे किडीची अंडी मरतात. आईला आधी विचार. आपल्या पावसाळ्यात बुरशी लागते, त्यामुळे जूनच्या आत डबे हवाबंद करून टाक.

आता तुझा शेवटचा प्रश्न, सुरुवात कुठून.

तुला येणाऱ्यांपैकी एकच साधी फ्लाय निवड. माझं ऐकशील तर वूली बगर. पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी ती 1967 मध्ये एका पाणकिड्याच्या अळीसाठी बांधली, आणि आज लोक तिला जळू म्हणून, झिंगा म्हणून, छोटा मासा म्हणूनही वापरतात. तीच फ्लाय पन्नास वेळा बांध. थर्माकोलच्या तुकड्यावर ओळीने टोचून खाली तारीख लिही, बिघडलेली फेकू नकोस. विसाव्याच्या आसपास कंटाळा येईल. त्या कंटाळ्याच्या पलीकडे हात नमुन्याकडे बघणं सोडतो आणि स्वतःच्या सवयी दाखवायला लागतो. तुझी शेपूट नेहमी जरा आखूड येत असेल, वेढे मागे दाट आणि पुढे विरळ पडत असतील. यातल्या काही सवयी चुका असतात. डोक्यासाठी जागा न उरणं ही चूकच. गळाच्या डोळ्यामागे डोळ्याच्या दुप्पट जागा मोकळी राहिलीच पाहिजे. धागा पाच वेळा गुंडाळायचा जिथे दोन वेढ्यांत काम होतं, तीही चूक. धागा तुटेपर्यंत ताणून बघ, म्हणजे त्याची हद्द कळेल आणि तू दोन वेढ्यांवर विश्वास ठेवशील. धाग्याचं रीळ धरणारी बॉबिन मधूनमधून लोंबकळत ठेवून उलटी फिरव, पीळ सुटून धागा चपटा बसतो आणि फ्लाय निम्मी बारीक होते. पण आखूड शेपूट? ती चूक आहे की तुझी मुनियाची चोच आहे, हे मी इथून सांगू शकत नाही. त्यासाठी पाणी लागतं.

म्हणून दुसरी गोष्ट: घरात लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी असेलच. ती पाण्याने भरून खिडकीत ठेव. बांधलेली प्रत्येक फ्लाय बारीक दोरीला बांधून तिच्यात सोड, ओढ, थांबव. कोरडी असताना देखणी दिसणारी फ्लाय पाण्यात लाकडासारखी पडलेली तुला दिसेल, आणि टाकून द्यायला निघालेली एखादी एकदम श्वास घ्यायला लागेल. मासे न धरणाऱ्या माणसाला एवढी परीक्षा पुरते. मासे धरणारे आम्ही उलट फसतो, मासा लागला की फ्लाय चांगली असं समजून मोकळे होतो. चिलापी तर कशालाही लागते.

तिसरी गोष्ट वेळखाऊ आहे आणि सगळ्यात आनंदाची. महिन्यातून एक सकाळ पाण्याकाठी घालव. गळ न नेता. नांदूर मध्यमेश्वरला गेलीस तर ते अभयारण्य आहे, तिथे दुर्बीण आणि वही एवढंच. सगळे तिथे हिवाळ्यात पक्षी बघायला जातात. तू गुडघ्यावर बसून काठच्या उथळ पाण्यात बघ. अभयारण्य नसलेल्या दुसऱ्या एखाद्या पाण्यावर पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घेतलंस की त्यात कोण कोण हलतंय ते कळतं. बघून झालं की पाणी होतं तिथेच ओत. जूनमधल्या पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखांची वाळवी येते, ती तर इंदिरानगरला तुझ्या गॅलरीतच भेटेल. पंख अंगाच्या मानाने केवढे लांब असतात आणि कसे झडतात ते बघ. घरी येऊन दोनच ओळी लिही: मला काय दिसलं, आणि त्यातलं काय मी सोडणार. दुसरी ओळ लिहिता येत नसेल तर अजून बांधायला बसू नकोस.

घरच्यांना गळाचं टोक खुपत असेल तर बांधून झाल्यावर कटरने टोक वाकापासून तोडून टाक. फ्लायचं काही बिघडत नाही आणि तुझ्या आजीलाही ती हातात घेऊन बघता येईल. माझ्याकडे अशा बिनटोकाच्या चाळीसेक आहेत, शाळेतल्या मुलांना दाखवायला त्याच नेतो.

चमकी आणि तयार डोळ्यांची पाकिटं मात्र वर्षभर बाजूला ठेव, अशी माझी विनंती आहे. वाईट काहीच नाही त्यांत. पण ती इतकी पटकन नजर ओढतात की आपण काय पाहिलं होतं ते विसरायला होतं. माझ्या त्या पहिल्या भल्यामोठ्या फ्लायवर दोन प्रकारची चमकी होती, हे वर लिहिलंच आहे.

रविवारी सकाळी मी घरीच असतो. पन्नास झाल्या की थर्माकोलसकट ये, भावालाही आण. नमुन्याचं नाव सांगू नकोस, सामानही सांगू नकोस. काकूकडून बरणी मागून घेऊ, तुझी पन्नासावी तीत सोडू, आणि कोळीदादांनी मला विचारलं होतं तेच मी तुला विचारीन.